घैसासकाकू विरुद्ध बिशप

घैसासकाकूंचं ख्रिश्चन धर्माशी काहीही वाकडं नाही. ईस्टरला पलीकडच्या टेरीच्या बायकोने वर क्रॉस काढलेले बन आणून दिले, ते त्यांनी चहात बुडवून आवडीने खाल्ले. त्यांचं भांडण जगातल्या एकाच बिशपशी आहे. हा बिशप जेमतेम तीन बोटं उंच असतो, बुद्धिबळाच्या पटावर राजा-राणीच्या दोन्ही अंगांना उभा राहतो, आणि काकूंच्या मते तो तिथे घुसखोर आहे. हे त्या हळू आवाजात सांगत नाहीत. ऑस्ट्रेलियात, क्रेगीबर्नमधल्या आमच्या गल्लीत ते सगळ्यांना माहीत आहे, कुत्र्यांसकट.

मला ते कुंपणातून कळलं. आमच्या आणि काकूंच्या मुलाच्या, निखिल घैसासच्या बॅकयार्डमधल्या कुंपणाची एक फळी वादळात पडली होती, आणि लॉकडाउनमुळे ती बसवायला माणूस मिळत नव्हता. शाळा बंद, म्हणून माझी मुलगी ईशा गवतावर चेसबोर्ड मांडून एकटीच दोन्ही बाजूंनी खेळत बसली होती. फळीच्या फटीतून बांगड्या घातलेला एक हात आला आणि त्याने पटावरचा बिशप उचलला.

‘‘हा कोण?’’

‘‘दॅट्स द बिशप,’’ ईशा म्हणाली.

‘‘हा हत्ती आहे.’’

‘‘नो, इट्स अ बिशप.’’

‘‘बाळ, मी विचारलं नाही, मी सांगितलं.’’

हात बिशपसकट परत गेला. ईशा भोकाड पसरत घरात आली. दुसऱ्या दिवशी कुंपणावर तो बिशप आम्हाला मिळाला, पण त्याला कणकेची सोंड आणि कणकेचे दोन कान लावून. कणीक वाळून दगडासारखी झाली होती. ती आजतागायत निघालेली नाही, आणि आमच्या घरात ईशासुद्धा त्याला आता हत्ती म्हणते.

काकू कराडच्या. अख्खी हयात शाळेत इतिहास शिकवण्यात गेली. सुनेच्या, म्हणजे ऋतुजाच्या बाळंतपणासाठी तीन महिने म्हणून आल्या आणि मागून जगाची दारं लागली. नवरा कराडलाच राहिला. त्याला थंडी सोसत नाही, विमानात पाय आखडतात, आणि तीन महिन्यांचा तर प्रश्न, असा हिशेब होता. हे घैसास सर त्याच शाळेत गणित शिकवायचे. शाळा सुटल्यावर दोघं शिक्षकांच्या खोलीत बुद्धिबळ खेळत बसायचे, त्यातूनच लग्न झालं. लग्नानंतर काकूंनी काही दिवस त्यांना ‘अहो’ म्हणून पाहिलं, जमेना. शेवटी त्या ‘सर’वर परत आल्या. सरही बायकोला ‘बाई’च म्हणतात. म्हणजे शाळेतल्या बाई असतात तशा बाई.

सरांबरोबरचा डाव आजवर एकही दिवस मोडलेला नव्हता, म्हणून तो इथेही मोडायचा नाही असं काकूंनी ठरवून टाकलं. रोज आपल्या दुपारी, सरांच्या सकाळच्या चहाच्या वेळी, काकू बॅकयार्डातल्या पर्गोलाखाली, त्या लाकडी मांडवात, शाल गुंडाळून बसायच्या. समोर पट, शेजारी फोन. सर तिकडून चाल सांगायचे, काकू दोन्ही बाजूंचे मोहरे हलवायच्या. घरात बाळ झोपलेलं असायचं आणि ऋतुजाही डोळा लागायची वाट बघत असायची, म्हणून काकूंना डाव बाहेरच मांडावा लागे. मी वर्क फ्रॉम होम. माझ्या स्टडीची खिडकी नेमकी तिकडे. ऑफिसच्या मीटिंगमध्ये मी अनम्यूट झालो की मॅनेजरला मागून ऐकू यायचं, ‘‘घोडा? घोडा कुठे जातोय, सर? तिथे माझं प्यादं आहे!’’

काकूंचा आवडता शब्द ‘निषेध’. दुधाची किंमत, ऑस्ट्रेलियातली बेचव वांगी, टीव्हीवर रोज सकाळी आकडे सांगणारे पुढारी, टॉयलेट पेपर साठवणारे लोक, सगळ्यांचा त्या सारख्याच गांभीर्याने निषेध करायच्या. ‘‘माझा निषेध आहे हां मिलिंद,’’ असं त्या मला सांगायच्या आणि उत्तराची वाट बघायच्या, जणू तो मी वरती पोचवणार होतो. पण या सगळ्या किरकोळ मोहिमा. मुख्य युद्ध बिशपशीच होतं.

ते युद्ध काय ते मी एकदा सांगून टाकतो, कारण मी ते इतक्या वेळा ऐकलंय की मला माफी मिळायला हवी. बुद्धिबळ आपलं. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. आपल्याकडून ते इराणात गेलं, इराणातून अरबांकडे. आज बिशप जिथे उभा असतो, आणि कराडमध्ये उंट, तिथे मुळात हत्ती होता; आज कोपऱ्यात आपण ज्याला हत्ती म्हणतो, तो तेव्हा रथ. जुन्या काळी हस्तिदंतातून खरेखुरे हत्ती कोरायचे, पाठीवर माणूस बसवून. अरब कारागिरांनी पुढे मोहरे साधे केले. सोंड नाही, कान नाहीत, नुसता एक गोल ठोकळा आणि हत्तीचे सुळे म्हणून वर दोन टेंगळं. तो ठोकळा युरोपात पोचला. तिथल्या लोकांनी त्या दोन टेंगळांकडे पाहिलं आणि ठरवलं की ही बिशपची दोन टोकांची टोपी आहे.

‘‘टोपी!’’ इथे काकूंचा आवाज वरच्या पट्टीत जायचा. ‘‘सुळ्यांची टोपी केली! फ्रान्समध्ये तर विदूषकाची टोपी समजले आणि हत्तीचा विदूषक केला. कोणाला विचारलं? एक माणूस पाठवला का हिंदुस्थानात, की बाबांनो, हे काय आहे?’’

‘‘काकू, तेव्हा प्रवास अवघड होता.’’

‘‘आता सोपा आहे का?’’

विमानं तर बंदच होती.

‘‘आणि कोरत कशातून होते ते बघ,’’ त्या पुढे म्हणायच्या. ‘‘हस्तिदंतातून. म्हणजे हत्तीला मारायचं, त्याचा सुळा काढायचा, आणि त्या सुळ्यातून कोण कोरायचा? हत्ती नाही! बिशप! त्याच्याच दातातून त्याचीच हकालपट्टी. मी इतक्या लढाया शिकवल्या, इतके तह शिकवले, पण असा अन्याय मी पाहिला नाही.’’

मला सुरुवातीला हसू यायचं. नंतर नंतर मलाही राग येऊ लागला. हा काकूंचा खरा धोका होता. एकदा ऑफिसच्या ऑनलाइन गप्पांत कोणीतरी चेसचा विषय काढला आणि मी ऑस्ट्रेलियन टीम लीडला टेंगळांवरून असा काही झापला की तो म्हणाला, ‘‘मेट, टेक द आर्व्हो ऑफ.’’ म्हणजे, दुपारनंतर सुट्टी घे बाबा.

निखिलच्या जुन्या टॅबलेटवर काकूंनी जगभरातल्या म्युझियममधल्या मोहऱ्यांचे फोटो जमवले होते. त्यांत एक घोळका त्यांच्या विशेष प्रेमातला. स्कॉटलंडच्या कुठल्याशा बेटावर वाळूत सापडलेले, हस्तिदंताचे नव्हे तर बर्फाळ समुद्रातल्या वॉलरसच्या सुळ्यांचे. काकू ते फोटो फटीतून मला दाखवायच्या, नातेवाइकांच्या लग्नाचा आल्बम दाखवावा तसे. डोळे बटबटीत, गुडघ्यावर तलवारी. त्यात एक शिपाई आहे, तो रागाने स्वतःच्या ढालीची कड चावतोय.

‘‘याचं मला पटतं,’’ काकू म्हणाल्या. ‘‘माणसाने दुसरं करावं तरी काय?’’

आणि एक राणी आहे. ती सिंहासनावर बसली आहे आणि तिचा उजवा हात गालाला आहे. विद्वानांनी त्यावर पानंच्या पानं लिहिलीत म्हणे. कोणी म्हणतो ती विचारात आहे, कोणी म्हणतो शोकात, कोणी म्हणतो लढाई बघून हबकलीय. काकूंना तो फोटो बघवायचा नाही. ‘‘गालाला हात लावून बसू नये. अवलक्षण. आठशे वर्षं बसलीय, आणि एकाने तिला विचारलं नाही की बाई, तुला काय झालंय? नुसते फोटो काढतात.’’ मग टॅबलेट बंद करून त्या बाळाची दुपटी वाळत घालायला गेल्या.

जुलैमध्ये दुसरा लॉकडाउन लागला तेव्हा काकूंनी जाहीर केलं की बाजारात एकही खरा संच मिळत नाही, सगळीकडे बिशपच बिशप, तेव्हा त्या स्वतःच हत्ती कोरणार. हस्तिदंत मिळणार नाही आणि मिळालं तरी पाप. जुन्या काळी गरीब लोक हाडाचे मोहरे करायचे. हाडात उत्तम कुठलं, तर उंटाचं. हे त्यांनी वाचून काढलं होतं. घैसासांच्या घरात अंडंसुद्धा केकच्या आडून येतं. तरीही निखिलला न सांगता त्यांनी मला फटीशी बोलावलं आणि विचारलं, ‘‘तुमच्या पाच किलोमीटरात उंट मिळतो का रे?’’ घरापासून पाच किलोमीटरपलीकडे जायला तेव्हा बंदी होती.

मिळतो. या देशाच्या मधल्या वाळवंटात उंट मोकाट हिंडतात, आणि आमच्या शॉप्सच्या मागच्या हलाल बुचरकडे कधीमधी त्याचं मांस येतं. मी ठाण्याचा, मटण खाणारा, मला दुकानात जायची लाज नव्हती. पण मास्क लावून, लांब लांब उभ्या असलेल्या रांगेतून पुढे सरकून, काउंटरवरच्या भाईला ‘‘ऊँट की हड्डी मिलेगी? बिना गोश्त की?’’ असं विचारताना माझा आवाज आपोआप खाली गेला.

‘‘सूप के लिए?’’

‘‘नहीं. चेस के लिए.’’

त्याने हाडं पिशवीत भरली. ‘‘टेक केअर, ब्रदर,’’ तो म्हणाला, आणि हाडांचे पैसे घेतले नाहीत.

हाडं कोरण्याआधी उकळून स्वच्छ करावी लागतात. निखिलच्या बॅकयार्डात एक भलंमोठं बार्बेक्यू होतं, ज्यावर आजवर फक्त कणसं आणि पनीर भाजलं गेलं होतं. काकूंनी त्यावर पातेलं चढवलं, पाणी घातलं, हाडं सोडली, आणि मग हाताला जी सवय होती ती आडवी आली. त्यांनी हळद घातली. पाठोपाठ चिमूटभर हिंग घातला. उकळायला ठेवलेल्या पातेल्यात हळद-हिंग न घालणं त्यांच्या हाताला माहीतच नव्हतं. वास टेरीच्या घरापर्यंत गेला. टेरी कुंपणावरून डोकावला.

‘‘स्मेल्स अनरिअल, लव्ह. व्हॉट्स कुकिंग?’’

‘‘कॅमल,’’ काकू म्हणाल्या.

‘‘नो वरीज,’’ टेरी म्हणाला, आणि पाच मिनिटांनी कुंपणावर बार्बेक्यू सॉसची बाटली ठेवून गेला.

हाडं निघाली ती पिवळीधमक. हळदीच्या कार्यक्रमाला बसवल्यासारखी. मी हसलो. काकू फणकारल्या. ‘‘जुने मोहरेसुद्धा रंगवायचे. लाल रंगाच्या खुणा सापडल्यात त्यांच्यावर. माहिती नसेल तर बोलू नये.’’ निखिल संध्याकाळी शिफ्टवरून आला. काय उकळलं ते कळल्यावर त्याने ते पातेलं रीसायकलिंगच्या बिनमध्ये टाकलं, बार्बेक्यू तीनदा धुतलं आणि आईला म्हणाला, ‘‘आई, आर यू ओके? खरं सांग.’’ काकूंनी पातेल्याबद्दल निषेध नोंदवला. चांगल्या बुडाचं होतं म्हणे.

करवत, कानस आणि नखाएवढ्या पात्याचा चाकू घेऊन काकू त्या हाडांशी महिनाभर झगडल्या. पहिला हत्ती झाला तेव्हा त्यांनी तो फटीतून माझ्या तळहातावर ठेवला. मी मनापासून म्हणालो, ‘‘वा! रताळं हुबेहूब जमलंय.’’ त्या माझ्याशी आठवडाभर बोलल्या नाहीत. पण पुढचे बरे झाले. शेवटच्याला तर सोंड होती, आणि सोंडेला वळणही होतं. तो हातात घेतला की अंगठा आपसूक त्याच्या पाठीवरून फिरायचा.

गंमत अशी, की सरांशी खेळताना मात्र त्या या मोहऱ्याला उंटच म्हणायच्या. कराडच्या पटावर उंट, म्हणून इथेही उंट. मी विचारलं, ‘‘काकू, तिथे कुठे गेलं तुमचं तत्त्व?’’ तर म्हणाल्या, ‘‘घरात किती भांडायचं माणसाने?’’ बाकी जगाला ही सवलत नव्हती. ईशाने एकदा एका प्याद्याला हात लावून विचार बदलला, तर काकूंनी तिला पाच मिनिटं उभं केलं. ‘‘हात लावलास, आता हलव. नियम म्हणजे नियम. उद्या परीक्षेत उत्तर लिहून परत मागशील का?’’ माझ्याशी खेळताना मी किल्लेकोट करायला आधी राजाऐवजी कोपऱ्यातला हत्ती उचलला, तेवढ्यावरून त्यांनी अख्खा डाव रद्द केला. मी पुढे होतो, हे मी इथे नमूद करतो.

आमच्या नॉर्थकडच्या, म्हणजे शहराच्या उत्तर भागातल्या, मराठी लोकांचा दर शनिवारी ऑनलाइन कट्टा भरायचा. कोणी पुरणपोळी शिकवायचं, कोणी मॉर्गेजबद्दल बोलायचं. मीच काकूंचं नाव सुचवलं. वीस मिनिटांत ‘बुद्धिबळाच्या मोहऱ्यांचा इतिहास’ मांडायचा होता. वीस मिनिटांत काकू इराणातून बाहेरसुद्धा पडल्या नव्हत्या. तासाभराने कुठे त्या फ्रान्सला पोचल्या. बहुतेकांनी कॅमेरे बंद केले होते, कोणाच्या तरी घरात कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, आणि काकू सुळ्यांच्या टोपीवर येतायत तोच संयोजक तरुणाने ‘‘थँक यू सो मच काकू’’ म्हणून त्यांना म्यूट करून टाकलं. पडद्यावर काकूंचे ओठ हलत राहिले. त्यांना कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्या उठल्या, चष्मा काढला, आणि पडद्यासमोरून निघून गेल्या. रिकामी खुर्ची आम्ही सगळे बघत राहिलो. मग कोणीतरी ‘क्यूट हं काकू’ असं चॅटमध्ये टाकलं. मला त्या माणसाचं डोकं फोडावंसं वाटलं.

खरं म्हणजे तेव्हापासून मी काकूंच्या बाजूचा झालो. तोवर मी गंमत बघत होतो. आणि एकदा बाजूचा झाल्यावर मला दिसायला लागलं की काकूंना बिशपपेक्षा जास्त राग आणणारी एक गोष्ट होती आणि त्याबद्दल मात्र त्या ओरडत नव्हत्या. त्यांना घरी जायचं होतं.

मे महिन्याचं परतीचं तिकीट रद्द झालं. मग भारतात माणसं परत नेणारी खास विमानं सुरू झाली. नाव नोंदवा, वाट बघा. निखिलला सांगितलं की तो म्हणायचा, ‘‘आई, बघू. तिकडे केसेस वाढतायत. इथे सेफ आहेस ना? जायची एवढी काय घाई?’’ तो वाईट मुलगा नव्हे. वेअरहाउसमध्ये सुपरवायझर, रोज बाहेर पडायचा, रात्री कपडे गराजमध्ये उतरवून घरात यायचा. घाबरलेला होता. पण मग काकूंनी वेबसाइटचं काम माझ्याकडे दिलं. मी दिवसभर लॅपटॉपसमोर असतोच, तर एक टॅब त्यांची.

त्या टॅबने मला जो संताप दिला तो मला बँकेने दिला नाही, मॅनेजरने दिला नाही. सीट दिसायची, क्लिक केलं की जायची. एकदा सीट मिळाली, पैसे भरले, काकूंनी बॅग भरली, शेवंताबाईंना, म्हणजे कराडला सरांचा स्वयंपाक करणाऱ्या बाईंना, फोन करून पुरण घालायला सांगितलं, आणि दोन दिवस आधी फ्लाइट रद्द. कारण नाही, माणूस नाही, नुसती मेल. फोन केला तर सतारीचं रेकॉर्डिंग. पाऊण तास सतार ऐकून मला सतारीचा राग येऊ लागला. आणि आमचे ओळखीचे लोक, फुकटचे सल्लागार सगळे! ‘‘काकू, एन्जॉय करा ना! नातवाबरोबर टाइम मिळतोय!’’ ‘‘काकू, सर काय लहान आहेत का?’’ ‘‘काकू, इकडे एवढं क्लीन, एवढं ओपन, तिकडे जाऊन काय करणार?’’ त्यातल्या प्रत्येकाच्या घरी, नवरा सुपरमार्केटमधून अर्धा तास उशिरा आला तर तीन मिस्ड कॉल जात होते. एका म्हाताऱ्या बाईला आपल्या नवऱ्याकडे जायचंय, तर ती कारणं देत बसणार, आणि आपण बसल्या जागी ती कारणं मोठी की छोटी ते ठरवणार! मी कट्ट्याच्या ग्रुपवर हे लिहिलं. तीन जणांनी हात जोडले, एकाने विषय बदलला.

काकू मला म्हणाल्या, ‘‘कशाला भांडतोस? तुझं बीपी वाढेल.’’ त्या असं म्हणाल्या, याचंच मला नवल वाटलं.

सप्टेंबरच्या अखेरीला दुसऱ्यांदा सीट मिळाली. या वेळी काकूंनी कोणाला सांगितलं नाही. बॅगही पुढे आणली नाही. फक्त रोज सकाळी फटीशी येऊन विचारायच्या, ‘‘मेल?’’ आणि मी ‘‘नाही’’ म्हटलं की मान हलवून जायच्या. मेल नसणं हीच चांगली बातमी होती.

मेल आली ती दुपारी, मी मीटिंगमध्ये असताना. ‘वी रिग्रेट’ एवढे दोनच शब्द वाचले आणि मी मीटिंग तशीच टाकून बाहेर आलो. डोकं फुटायची वेळ आली होती. म्हटलं, आज काकूंचा निषेध पार कँबेराला ऐकू गेला पाहिजे, आणि मी त्यात माझा मिसळणार. मास्क लावून कुंपणाशी गेलो. काकू पर्गोलाखाली बसल्या होत्या. डाव चालू होता. फोन स्पीकरवर, पटावर पिवळे हत्ती आणि बाकीचे प्लास्टिकचे मोहरे. डाव संपेपर्यंत थांबावं म्हणून मी फटीपाशी उभा राहिलो.

‘‘बाई,’’ सरांचा आवाज आला. मऊ, सावकाश. ‘‘माझा उंट. राजाकडचा. सरळ पुढे. तीन घरं.’’

मला वाटलं, आता काही खरं नाही सरांचं. उंट तिरका चालतो. बिशप म्हणा, हत्ती म्हणा, तिरकाच. हे ईशालाही कळतं.

काकूंचा हात पटावर होता. तो तसाच राहिला.

‘‘सरळ?’’ त्यांनी विचारलं.

‘‘हो, सरळ.’’ मग थोडं थांबून, ‘‘का? चालत नाही का तो सरळ?’’ आणि त्या आवाजात एकदम भीती आली. फळ्यापुढे उभं केलेल्या मुलाच्या आवाजात असते तशी. आणि हा आवाज गणिताच्या सरांचा.

‘‘चालतो की,’’ काकू म्हणाल्या. ‘‘न चालायला काय झालंय? जुना नियम आहे तो, सर. अगदी मूळचा. आपल्याकडे तो सरळच चालायचा. हे तिरकं वगैरे नंतर युरोपात शिरलं.’’

‘‘तरीच,’’ सर म्हणाले. केवढं हायसं वाटलं त्यांना! ‘‘मला वाटलं, माझंच काहीतरी...’’

‘‘तुमचं कसं चुकेल?’’

असा नियम कधी नव्हता. ना आपल्याकडे, ना इराणात, ना अरबांकडे. त्या काळी हा मोहरा दोन घरं उडी मारायचा, पण तिरकीच. हे मला माहीत होतं, कारण मला ते काकूंनीच शिकवलं होतं. दोन टेंगळांसाठी ज्या बाईने सगळ्या युरोपाला माफ केलं नव्हतं, तिने बसल्या जागी हजार वर्षांचा इतिहास बदलून टाकला. त्यांनी सरांचा उंट उचलला आणि सरळ तीन घरं पुढे नेऊन ठेवला. मग स्वतःचं एक प्यादं हलवलं, ते फोनमध्ये सांगितलं, आणि मान वर केली तर फटीत मी.

सर चाल शोधत होते. चहाचा घोट घेतल्याचा आवाज आला. काकूंनी शालीचं टोक फोनवर धरलं.

‘‘निखिलला बोलू नकोस,’’ त्या हळूच म्हणाल्या. ‘‘तो तिकडे माणूस ठेवेल, नाहीतर कुठेतरी नेऊन ठेवायला सांगेल. सर नवीन माणसाला घाबरतात. रात्री दार लावून घेतात आणि मग उघडायचं विसरतात. शेवंताबाई सांभाळून घेतायत.’’

‘‘कधीपासून, काकू?’’

‘‘मे महिन्यात किल्लेकोट गेला. मी म्हटलं, वय झालं. घोडा गणपतीत गेला. मीच चाल सुचवते हळूच, मग ते म्हणतात, हां, तीच.’’ त्यांनी पटाकडे पाहिलं. ‘‘उंट आज गेला. मी समोर असते ना, तर हात धरून खेळवलं असतं. फोनवर हात कुठे धरता येतो?’’

मग त्यांची नजर माझ्या हातातल्या मोबाइलवर गेली. ‘‘रद्द?’’

मी मान हलवली. मी निषेधाची वाट बघत होतो. मला तो हवा होता, खरं सांगतो. त्यांनी ओरडावं, विमानवाल्यांना, सरकारला, मला, कुणालाही. काकूंनी एकदा डोळे मिटले, उघडले, आणि फोनवरची शाल काढली.

‘‘हं, सर?’’

‘‘बाई, उंट आणखी एक घर पुढे,’’ सरांचा आवाज आला, जरा खुशीतला. ‘‘शह आहे हां तुम्हाला.’’

काकूंनी तो एक घर पुढे सरकवला. मी पटाकडे पाहिलं. तो पिवळा मोहरा काकूंच्या राजाच्या सरळ रेषेत उभा होता. जगातल्या कुठल्याही नियमाने तो शह नव्हता.

‘‘अगं बाई, खरंच की,’’ काकू म्हणाल्या, आणि त्यांनी आपला राजा उचलून एक घर बाजूला ठेवला.